अब्बांची गाडी आणि पंधरा-चाळीसचं तेल

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, काही तास उर्दूचेही असतात. बी.एड. करून वीस वर्षं होत आली. त्यातली निम्मी पेपर तपासण्यात गेली असतील. त्यामुळे दोन आकडे शेजारी दिसले की मोठा तो चांगला, ही सवय हाडात मुरली आहे. या सवयीपायी मी एकदा माझ्या धाकट्या भावाला चुकीचं उत्तर दिलं. विषय होता ट्रकच्या इंजिन ऑइलचा.

तुम्ही म्हणाल, भाषा शिकवणाऱ्या बाईला ऑइलचं काय? पण आपल्याकडे गल्लोगल्ली कुणी ना कुणी गाडीवर आहे. कुणी ड्रायव्हर, कुणी क्लीनर, कुणी गॅरेजात, कुणी टायरच्या दुकानात. त्यांच्याच कमाईवर आमच्यासारख्या काही जणी शिकल्या. आणि शिकल्यावर त्यांच्या कामाबद्दल न वाचता मत द्यायलाही शिकल्या. म्हणून हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता. मधल्या सुट्टीत भावाने फोटो पाठवला. तेलाच्या दोन बादल्या शेजारी शेजारी. एकीवर १५डब्ल्यू-४०, दुसरीवर २०डब्ल्यू-५०. खाली त्याचा आवाज : "आपा, तू शिकलेली आहेस. यातलं चांगलं कुठलं ते सांग लवकर. दुकानदार खोळंबलाय."

घंटा झाली होती. मी चालता चालता लिहिलं, "वीस-पन्नास घे. जास्त आहे."

कशापेक्षा काय जास्त आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

*

आमचे अब्बा कराडहून गाडी चालवायचे. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना गूळ नाहीतर साखर, येताना जांभ्याचे चिरे. आयुष्याची पहिली पंचवीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या गाडीवर काढली. २०१२ साली कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. सहा चाकांची, २००७ चं मॉडेल, जुनीच. पण त्या दिवशी अम्मीने गल्लीत खीर वाटली होती.

अब्बा शाळेत चौथीपर्यंतच गेले. उर्दू लिहिता-वाचता येत होतं, मराठी बोलता फर्डी यायची, इंग्रजी अजिबात नाही. तेलाची पारख मात्र पक्की. पहाटे गाडी सुरू करून ते फजर पढायला जायचे. परत येईपर्यंत इंजिन हळू चालत राहायचं. "तेल वर चढू दे, मग ओझं टाक," असं म्हणायचे. घाट चढून आले की लगेच चावी फिरवायचे नाहीत. दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवायचे, टर्बो गार व्हावा म्हणून. डिपस्टिक काढून तेलाचा थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचे, मग वास घ्यायचे.

कधी कधी मला हाक मारायचे, "बेटी, वहीतला कागद दे." मी फाडून दिला की आधी उलटसुलट बघायचे. "लिहिलेला नको, कोरा दे." लिहिलेल्या कागदावर कुठे अल्लाचं नाव असेल, तर त्यावर काळं तेल कसं टाकायचं? कोऱ्या कागदावर ते एक थेंब सोडायचे आणि कागद पाण्याच्या माठामागे ठेवून द्यायचे. सकाळी त्या थेंबाचं वर्तुळ झालेलं असायचं. मधे काळा ठिपका आणि भोवती पसरत गेलेली करडी कड असली, तर तेलात अजून जीव आहे. सगळी काजळी मधेच गोळा होऊन बसली असेल, तर तेल संपलं. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. ही परीक्षा जगभर करतात, हे मला फार उशिरा कळलं.

अब्बा २०१८ मध्ये गेले. गाडी अम्मीच्या नावावर झाली, भाऊ चालवू लागला. आता त्याला नवी घ्यायची होती. जुनी विकून येतील ते पैसे नवीच्या डाउन पेमेंटला. एक गिऱ्हाईक ठरलंही होतं, पाटणकडचा पंचविशीतला मुलगा. त्याची पहिलीच गाडी.

अडचण एकच होती. चिरे भरून घाट चढून आलं आणि इंजिन तापलेलं असताना गाडी उभी केली, की ऑइल प्रेशरची सुई खाली पडायची. थंड इंजिनावर ठीक, रस्त्यावर पळताना ठीक, पण गरम झाल्यावर रिकाम्या चालीला सुई जवळजवळ शून्यावर. गिऱ्हाईक ट्रायल घेणार म्हणजे ते त्याला दिसणारच. मिस्त्रींनी सांगितलं, तेल बदलून बघ. भाऊ दुकानात गेला, आणि तिथून तो फोटो मला आला.

माझ्या सांगण्यावरून वीस-पन्नास भरलं. सुई वर आली. भावाचा फोन आला, "आपा, तुझ्या तोंडात साखर पडो!" मी खूश झाले. वर्गात त्या दिवशी मुलांना विनाकारण गोष्टही सांगितली.

*

शनिवारी मी अम्मीला घेऊन गॅरेजला गेले. गाडी नावावर करून द्यायची तर फॉर्म २९ आणि ३० वर अम्मीची सही लागणार होती. फॉर्म भरायचं काम अर्थात माझं. मिस्त्री अब्बांच्या वेळचे. अम्मीला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सहज म्हटलं, "काका, तेलाने काम झालं म्हणायचं."

ते हात पुसत हसले. "ताई, सुई वर आली. इंजिन हाय तितंच हाय."

"म्हणजे?"

"त्येल दाट घातलं की परेशर दिसतं. बेअरिंग झिजल्यात का न्हाईत, ते खोलल्याबिगर कळत न्हाई. पण इकायचीच हाय म्हनल्यावर खोलतंय कोन?"

अम्मी ऐकत होती. काही बोलली नाही. फॉर्म माझ्या पिशवीत होते. ती म्हणाली, "आज नको. घरी चल."

घरी आल्यावर मी अब्बांची पत्र्याची पेटी काढली. त्यात आर.सी., विम्याचे कागद, गाडीची इंग्रजी पुस्तिका आणि एक डायरी होती. पुस्तिका भाऊ वाचू शकत नव्हता, कारण इंग्रजी. डायरीही वाचू शकत नव्हता, कारण ती उर्दूत. त्याला मराठी शाळेत घातलं होतं, मला उर्दू. एकाच घरात हे असं असतं. बापाचं अक्षर मुलाला वाचता येत नाही. दोन्ही वाचता येणारी मी एकटी, आणि मी पेटी न उघडताच उत्तर देऊन बसले होते.

डायरीत अब्बांनी प्रत्येक वेळच्या तेलाची नोंद ठेवली होती. तारीख, किलोमीटर, "पंद्रह-चालीस", किती लिटर, फिल्टर बदलला की नाही. सहा वर्षांत या गाडीत दुसरा आकडा एकदाही नव्हता. मला वाटायचं, जुने ड्रायव्हर दाट तेलाचे भक्त असतात. अब्बांच्या तरुणपणी गाड्यांत एकाच नंबरचं तेल घालायचे, उन्हाळ्यात चाळीस, थंडीत तीस. पण या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, आणि मग ते सोडलं नव्हतं. डायरीतल्या शेवटच्या पानांवर मात्र मधेच तेल वाढवल्याच्या नोंदी जास्त होत गेल्या होत्या. एक लिटर, मग दीड लिटर. इंजिन म्हातारं होत चाललं होतं आणि अब्बांना ते कळत होतं.

त्या रात्री मी पुस्तिका घेऊन बसले. इंटरनेटवर अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचा तक्ता शोधला. बादलीवरचे ते आकडे त्या तक्त्यातून येतात. तेव्हा कुठे मला माझी चूक कळली.

*

तेलाच्या दाट-पातळपणाला मराठीत श्यानता म्हणतात, उर्दूत लुजूजत. दोन्ही शब्द गॅरेजात कुणी वापरत नाही, तिथे दाट आणि पातळ एवढंच असतं. आमच्या भागात हे समजायला गुऱ्हाळ पुरे. काहिलीत उकळत असलेली काकवी पाण्यासारखी ओतता येते. तीच थंडीत बाटलीत घट्ट होते, बाटली उलटी केली तरी सरकत नाही. इंजिनातल्या तेलाचंही तेच दुखणं आहे. गार असताना फार दाट झालं, तर पंपाला ते वर ढकलता येत नाही. तापल्यावर फार पातळ झालं, तर दोन धातूंच्या मध्ये टिकत नाही.

म्हणून बादलीवर दोन आकडे असतात. "१५डब्ल्यू-४०" मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल गार असतानाचा, नंतरचा आकडा तापल्यावरचा. पुष्कळ जणांना वाटतं, १५ ते ४० अंश तापमानासाठीचं हे तेल. तसं नाही. हे आकडे अंशांचे नाहीत आणि मार्कांचेही नाहीत. शाळेत आपण अ-२ श्रेणी देतो, तिचा अर्थ ८१ ते ९० मधलं काहीतरी. तसेच हे आकडे म्हणजे गटांची नावं आहेत. १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असते, ते ४० च्या गटात. १६.३ ते २१.९ च्या मधलं ५० च्या गटात. म्हणजे ५० चं तेल तापल्यावर जास्त दाट असतं. त्याचा अर्थ इतकाच. जास्त चांगलं, जास्त ताकदीचं, असा तो नाही.

पहिल्या आकड्याचं उलटं. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर वाहतं. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २० आणि उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ आणि उणे २० ला. कराडला थंडीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास जातो. म्हणजे आपल्याकडे दोन्ही तेलांवर गाडी सुरू होणारच. पण सुरू होणं वेगळं, आणि तेल लवकरात लवकर वरच्या भागांपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोहोचणं वेगळं. गार इंजिन सुरू केल्यावरचे पहिले काही क्षण झिजेचे असतात. अब्बा फजरला जाताना इंजिन चालू ठेवायचे, ते याचसाठी.

आता सुईचं. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो, पण धातू धातूला लागत नाही. मधे तेलाचा पापुद्रा असतो, शाफ्ट त्यावर तरंगतो. पंप तेल ढकलत असतो, ते या फटींतून वाहून पुन्हा खाली चेंबरमध्ये पडतं. त्या वाटेत जो अडथळा होतो, त्यातून प्रेशर तयार होतं. बेअरिंग झिजलं की फट वाढते, तेल चटकन निसटतं, सुई पडते. दाट तेल घातलं की ते निसटायला वेळ लावतं, सुई चढते. फट मात्र तेवढीच राहते.

झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरून बघा. धार लांब जाते, जोर वाढल्यासारखा वाटतो. पण त्याच पाइपने बादली भरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. प्रेशर दिसलं म्हणजे तेल पुरेसं पोहोचलं, असं नाही.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्यात वाचून मी थांबलेच. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये चिरडलं जात असताना तेल किती तग धरतं, याचीही एक परीक्षा असते. तिथे १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद हवेत. आणि २०डब्ल्यू-५० ला? तेवढेच, ३.७. पास होण्याची रेघ दोघांना एकच. मी ज्याला पहिला नंबर देऊन मोकळी झाले होते, त्याला त्या विषयात पासिंगसाठी वेगळी अटसुद्धा नव्हती.

वीस-पन्नास हे वाईट तेल आहे, असं मी म्हणत नाही. ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं आहे, ज्या तापमानाला ते चालतं असं सांगितलं आहे, तिथे तेच बरोबर. कंपनी फटी किती ठेवायच्या, पंप केवढा बसवायचा, हे एक तेल मनात धरूनच ठरवते. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० होतं. गरम इंजिनावर, रिकाम्या चालीला किमान प्रेशर किती हवं, तेही होतं. सुमारे ०.७ किलो. पूर्ण फेऱ्यांवर २.१.

*

रात्री भाऊ जेवायला आला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग भडकला.

"आपा, तूच सांगितलंस ना वीस-पन्नास घे म्हणून? आता तूच म्हणतेस काढ. सगळे असंच करतात. घेणारा पण त्याचा मिस्त्री आणणारच आहे. त्याला कळलं तर कळलं, नाही कळलं तर त्याचं नशीब."

त्याचं सगळंच चूक नव्हतं. बेअरिंग, तेल, फिल्टर, मजुरी धरून पंचवीस-तीस हजार सहज जाणार होते. क्रँक घासायला लागला तर त्याहून जास्त. नव्या गाडीचं डाउन पेमेंट तोंडावर. माझ्या पगारातून मी किती देणार होते? आणि चुकीचा सल्ला माझा होता, त्याचा नाही.

अम्मी भाकरी करत होती. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "सही माझी आहे ना?"

आम्ही गप्प.

"बाजारात धान्याच्या ढिगात हुजूरांनी हात घातला, आत ओलं लागलं. तो म्हणाला, पावसाने भिजलं. तर हुजूर काय म्हणाले, ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. हे मी तुम्हा दोघांना किती वेळा सांगितलंय? तुझ्या अब्बांची गाडी आहे. तो पोरगा ती घेऊन कुंभार्ली उतरणार. इंजिन घाटात जाम झालं तर?"

भाऊ ताटावरून उठला नाही, पण बोललाही नाही.

सोमवारी गाडी पुन्हा मिस्त्रींकडे गेली. त्यांनी आधी इंजिन खोललं नाही, आणि हे मला आवडलं. म्हणाले, सुई खोटं बोलत असंल तर? आधी त्यांनी बाहेरून वेगळा गेज लावला. गाडीतला गेज आणि तो, दोन्ही सारखेच निघाले. मग तेलाचा वास घेतला. इंजेक्टर गळत असेल तर डिझेल तेलात उतरतं, तेल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळीही वाढलेली दिसते. तसं काही नव्हतं. मग वीस-पन्नास उतरवून पंधरा-चाळीस भरलं, फिल्टर नवा. चिरे भरलेल्या गाडीइतकं तापेपर्यंत फिरवून आणली. रिकाम्या चालीला ०.४. पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या कितीतरी खाली.

चेंबर उघडला. पंपाच्या जाळीला बारीक चकाकणारा कण लागलेला. बेअरिंगच्या वाट्या काढल्या, तर वरचा करडा थर जागोजागी गेलेला आणि खालचं तांबं दिसत होतं. मिस्त्रींनी एक वाटी माझ्या हातात ठेवली. नखाच्या चंद्रकोरीसारखी, हलकी. म्हणाले, "ताई, आनखी दोन-चार महिनं चाललं असतं. न्हाईतर दोन-चार फेऱ्या. सांगता येत न्हाई."

क्रँक मोजला, तो सुदैवाने मापात होता. घासावा लागला नाही. बेअरिंग बदलली, पंप तपासला. तेच पंधरा-चाळीस भरलं. गरम इंजिनावर, रिकाम्या चालीला सुई १.२ वर थांबली. या वेळी ती खरं सांगत होती.

*

इथे गोष्ट गोड संपायला हवी, पण तशी संपली नाही. गिऱ्हाइकाचा मिस्त्री आला. त्याला चेंबरच्या कडेला ताजं सीलंट दिसलं. "इंजिन उघडलंय" म्हणत त्याने भाव पाडला. भावाने काम का केलं, काय बदललं, सगळं सांगितलं, जुन्या वाट्याही दाखवल्या. तरी ठरल्यापेक्षा पंधरा हजार कमी आले. झाकून विकलं असतं तर पूर्ण पैसे मिळाले असते, हे भाऊ मला आजही अधूनमधून ऐकवतो. कामाच्या खर्चातला निम्मा भार मी उचलला. तो माझ्या घाईचा दंड होता, उपकार नव्हता. तरीही तो महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता.

अम्मीने फॉर्मवर सही केली. गाडी गेली तेव्हा ती दारात उभी होती. अब्बांची डायरी तिने त्या मुलाला देऊ केली. त्याला उर्दू येत नव्हतं. म्हणून मी शेवटची दोन पानं मराठीत उतरवून दिली : कोणतं तेल, किती किलोमीटरला बदलायचं, गरम इंजिनावर सुई कुठे असायला हवी. त्याने तो कागद केबिनमध्ये चिकटवला.

नवी गाडी बीएस-६ आहे. ती घेतल्यानंतर मी एक गोष्ट आणखी शिकले. बादलीवरच्या आकड्यांखाली अक्षरं असतात, ती आकड्यांइतकीच महत्त्वाची. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ ही अक्षरं तेल दाट की पातळ हे सांगत नाहीत. त्या तेलात कोणत्या इंजिनासाठीचे घटक घातले आहेत, ते सांगतात. दोन बादल्यांवर १५डब्ल्यू-४० असूनही ती वेगळी तेलं असू शकतात. बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. जुन्या तऱ्हेच्या तेलात राख जास्त होते. काजळी त्या फिल्टरमध्ये जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती साचत जाते, आणि तो फिल्टर बदलायचा खर्च बेअरिंगच्या खर्चाला लाजवील असा असतो. म्हणून जुन्या गाडीचं उरलेलं तेल नव्या गाडीत ओतू नका, आकडा सारखा असला तरी. आणि नव्या पद्धतीचं एफए-४ नावाचं पातळ तेल, पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर, जुन्या इंजिनात घालू नका.

थोडक्यात, दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पुस्तिकेत कोणते आकडे आहेत. कोणती अक्षरं आहेत. आणि आपल्या भागातल्या थंडी-उन्हाळ्यासाठी तिथे वेगळं काही सांगितलं आहे का. यापलीकडे सुई पडत असेल, तर तो प्रश्न तेलाच्या दुकानात सुटणारा नाही.

पुस्तिका इंग्रजीत असते, ही खरी अडचण आहे. गाडी चालवणाऱ्याला ती वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते तो गाडी चालवत नाही. आपल्या घरात कुणी शिकलेलं असेल, तर एक रविवार त्याने गाडीवाल्या भावाची, मामूची, शेजाऱ्याची पुस्तिका घेऊन बसावं. तेलाचं एक पान मराठीत किंवा उर्दूत उतरवून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

मागच्या महिन्यात भावाचा पुन्हा फोटो आला. दोन बादल्या, दोन्हींवर १५डब्ल्यू-४०. आवाज तोच : "आपा, दोन्ही सेमच आहेत ना? हे चारशेने स्वस्त आहे."

मी वर्गात होते. तरी बाहेर येऊन फोन लावला. म्हटलं, "आकड्याच्या खाली बारीक अक्षरं आहेत. ती तू वाच."

"आपा, तू बघ ना फोटोत."

"नाही. तू वाच."

थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज आला. मग तो एकेक अक्षर लावू लागला, आमच्या पहिलीतली मुलं लावतात तसं. "सी... एच... चार." दुसरी बादली फिरवल्याचा आवाज. "सी... के... चार." मग म्हणाला, "आपल्या पुस्तिकेत सीके आहे ना?"

"हो."

"मग हे महागडं." आणि दुकानदाराला म्हणाला, "हे दुसरं द्या."